एक घर आधी

आर्वीच्या स्टँडवर साडेपाचची गाडी अजून लागली नव्हती.
भोयर सरांनी आलूबोंडे घेतले, माणशी एक,
चटणी दोनदा मागितली.
"आता पेपरचं बोलायचं नाही," असं बजावलं
आणि मुतारीकडे गेले.

ते वळायच्या आत हर्षलनं प्रश्नपत्रिका उघडली.

त्याचा संच बी, आलियाचा डी,
माझा ए, मैनाचाही ए.
आमचा बारावा तो तिचा एकोणचाळिसावा.
म्हणून गणितांना नावं ठेवावी लागली :
तो नळाचा, तो घड्याळाचा, तो व्याजाचा.
गावात चार गणेश असले की ठेवतात तशी.

तलावाचा?
"चौसष्ट," हर्षल म्हणाला.
आलियाचे आले होते एकशे छत्तीस.
"चौसष्टच बे. मी दोनदा केलं."
मैनानं बोंडा दातात धरला,
चपलेच्या टोकानं धुळीत तलाव काढला,
त्याच्याभोवती रस्ता.
"रस्ता दोन्हीकून असते ना.
तू एका बाजूनं गेला अन् तिकडंच राह्यला."
पोहायचा तलाव आमच्यात कोणीच पाहिला नव्हता.
तरी हर्षल त्या चौकटीकडे बघत राहिला
नाकात पाणी गेल्यासारखा.

घड्याळाचा. तीन वाजून चाळीस मिनिटं, काट्यांमधला कोन.
आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.
स्टँडच्या घड्याळात सव्वाअकरा,
मी पहिलीत असतानाही सव्वाअकराच होते.
"एकशे तीस," मैना म्हणाली.
ती म्हणाली की आम्ही पेनानं खूण करून टाकायचो,
सरांना विचारायची गरज नसायची.

सर आले ते पेपरचंच बोलत.
नळाचा ऐकला, व्याजाचा ऐकला,
"मैना, तुझा नंबर लागते बरं यंदा," म्हणाले.
ती हसली, मिरची दाताखाली आल्यासारखी.

मग आलियानं सहजच विचारलं,
घंटा झाली तेव्हा तू कितव्या गोलावर होती?
"शेवटच्या. मॅडमनं ओढलीच शीट.
चौऱ्याहत्तरचा काळा केला अन्..."

प्रश्न पंचाहत्तर होते.

कोणाच्या लक्षात आलं नाही.
हर्षल चटणीची पुडी चाटत होता.
मैनानं पानं उलटली, भरभर, मग एकेक.
माझाही संच ए, म्हणून मला दिसलं :
एकतिसाव्या प्रश्नाभोवती तिनं पेनानं कडं केलं होतं,
मागाहून करू म्हणून.
प्रश्नपत्रिकेत सोडला होता,
उत्तरपत्रिकेत सोडायचा राहिला.

म्हणजे बत्तीसचं उत्तर एकतिसाच्या घरात,
तेहतीसचं बत्तीसच्या,
तलाव, नळ, घड्याळ,
सगळे पाहुणे एक घर आधी शिरलेले,
आणि शेवटचं घर रिकामं, दार उघडं.

मी काही बोललो नाही.
काय बोलणार? तिची उत्तरं बरोबर होती.

गाडी लागली. पळसाला नुकते कळे आले होते,
कापूस निघून गेलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या रांगेनं,
मैनानं खिडकीच्या गजांवर बोट आपटत त्या मोजल्या
की दुसरंच काही मोजलं,
खरांगणा येईपर्यंत एक शब्द नाही.

मग माझ्याकडे न बघता :
"एकतीस गेला. त्याच्या मागचे चव्वेचाळीस.
चार पर्यायातून एखादा तर तसाही जुळते.
म्हणजे अकरा येतीन माह्ये. अंदाजे.
सरले सांगू नको."

मी मनात भागून पाहिलं.
अकराच येत होते.
पेपरात नसलेलं गणित होतं ते, आणि तेही तिचं बरोबर.

निकाल जूनमध्ये लागायचा होता.
पुढच्या सीटवर हर्षल
वाफ धरलेल्या काचेवर बोटानं चौकट काढत होता,
आणि तिच्याभोवती, या बाजूनं, त्या बाजूनं,
रस्ता.