फुटामागे एक सूत

फॉलकर्कच्या ओतशाळेत, माळ्यावर,
जिथे खालच्या भट्टीची धग फळ्यांमधून वर यायची
आणि चहाच्या तळाशी काळी वाळू बसायची,
तिथे ड्युगल पेटिग्रू लाकडाचे नमुने घडवायचा:
शेगड्यांचे, नळकांड्यांचे, गटारांच्या झाकणांचे,
एकदा तर आंघोळीच्या टबाचे चार सिंहपाय.
मी पंधरा वर्षांचा. हातात झाडू.

त्याच्या पेटीत एकेका हत्याराला
हिरव्या बनातीत कोरलेलं घर होतं.
शिसवी गुण्या, आतल्या अंगाला पितळ.
पटाश्या धार लावून लावून बोटभर उरलेल्या,
मुठी मात्र त्याच्या तळव्याच्या झालेल्या.
"मागितलंस तर देईन," म्हणायचा,
"न मागता उचललंस तर घरी जाताना बोटं मोज."

मी पट्टी उचलली, न मागता.
पिवळट लाकडाची, दोन फुटी, टोकांना पितळ.
आईसाठी पावाची पेटी करायची होती,
ओट्याखालच्या कोनाड्यात बसेल अशी.
कोनाडा आईच्या शिवणाच्या फितीने मोजला,
फळ्या त्याच्या पट्टीने.
शनिवारभर रंधा मारला. रविवारी पेटी बसेना.
आई म्हणाली, राहू दे, वर ठेवू.
पेटी वरच राहिली, अकरा वर्षं.

सोमवारी त्याला सगळं कळलं होतं. कसं, देव जाणे.
त्याने बाकावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या,
टोकाला टोक लावून.
दोघींवर चोवीस इंच. एक पुढे गेलेली,
दोन सूत.
"यातली खोटी कुठली?"
मी लांब असलेलीकडे बोट केलं.

तो ओरडला नाही. खिडकीतून खाली दाखवलं,
जिथे लाल बीड साच्यात उतरत होतं.
"गरम आहे तोवर जागा भरून बसतं.
निवताना अंग चोरतं.
बीड फुटामागे एक सूत. पितळ दीड.
पोलादाला दोन, ते फार मानी.
तेवढं आपण आधीच जास्त द्यायचं.
ही खोटी नव्हे रे. हिला पुढचं ठाऊक आहे."
मग माझी बोटं मोजली. दहा भरली.
"झाडू घे," म्हणाला.

ओतशाळा बंद झाली तेव्हा नमुने जळणात गेले.
सिंहपाय एका पबवाल्याने नेले.
पेटी तो स्वतः हातगाडीवर घालून घरी घेऊन गेला,
चढावर कुणाला हात लावू न देता.

शवपेटी मी करावी, असं त्याने इशबेलला सांगून ठेवलं होतं.
साधं पाइन, गाठी नसलेलं.
मोजायला त्याचीच पट्टी घेतली. चुकून नाही.
इशबेल दारात उभी, मामाचा कोट अंगावर.
"कुठली घेतलीस?"
"बिडाची."
"पोलादाची घ्यायचीस," ती म्हणाली,
"शेवटी शेवटी फार आकसला होता."

कबर फितीने मोजून खणलेली, चिकणमातीत, अगदी बेताची.
पेटी अर्ध्यावर अडली.
सहा फुटांना सहा सूत, मी मनात म्हटलं,
आणि खणणारा शिव्या गिळत
कुदळीने कडा तासू लागला.
पाद्री आभाळाकडे बघत राहिला.
इशबेलने तोंडावर रुमाल धरला,
पण खांदे हसत होते, मी पाहिलं.

ओतशाळेच्या जागी आता सुपरमार्केट आहे.
मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांजवळ, एक गोल झाकण,
चाकांनी घासून नक्षी गेलेलं.
कडेजवळची खूण मात्र शिल्लक,
मीच त्या नमुन्यावर ठोकलेली, किंचित तिरकी,
त्याने तशीच राहू दिलेली.
काल गुडघे टेकले.
खिशातून पट्टी काढली, साधी, सरळ चोवीस इंची,
या कडेपासून त्या कडेपर्यंत ठेवली.

ढकलगाडी थांबवून एक बाई म्हणाली,
"आजोबा, काही हरवलं का?"
मी टोक पाहत होतो.
मग दुसरं टोक पाहिलं.
"नाही," म्हटलं. "सूतभरही नाही."