दुमड

जॉर्जटाउनात, डेमेरारा नदीच्या मुखाशी,
युलाली कंबरबॅच बिशपचा झगा उसवते आहे.
नवे बिशप बुटके.

पहिले सहा फुटी. जहाजातून झग्यासकट उतरले,
अकरा महिन्यांत तापानं गेले.
दुसऱ्यांनी साखरमळेवाल्यांकडून घंटा घेतली
आणि संपाच्या रविवारी
प्रवचनात हवामानाविषयी बोलले.
कार्यालयाच्या भिंतीवर नुसत्या तसबिरी;
कुणासाठी काठ सोडला, कुणासाठी आत घेतला
ते सुईच्या जुन्या भोकांत.

आजीची टीप बारीक, रागीट.
आईची सैल. तिची पाठ दुखायची.
दुमडीत मेणाचे कण, एक वाळकी मुंगी,
आणि लाल दोऱ्यानं आजीनं घातलेलं
स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर:
तेवीस वर्षं बिशपच्या टाचेशी फिरलेलं,
वेदीपर्यंत गेलेलं,
जिथं आजी गेली ती फक्त झाडू घेऊन.

दारात नवे बिशप, बर्बिसच्या भातखाचरांतले,
आडनाव रघुबीर.
"किती कापणार?"

"कापत नसतात," दातांत टाचणी धरून युलाली म्हणते,
"दुमडतात.
पुढची उंच असली तर?"

ते तिच्याकडे बघतात,
मग काठाकडे.