घरघर

कुटाइसीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या भिंतीला लागून त्सिउरीचं स्वयंपाकघर.
मार्चमध्ये तिच्या फ्रिजला घरघर लागली
आणि झोप उडाली माझी.

ओतिया आला. फ्रिजमागे उकिडवा बसला,
टॉर्च दातांत धरून.
दाढीच्या ब्रशने जाळीवरची धूळ झाडली,
दोन बोटांनी कॉम्प्रेसरची नाडी पाहिली,
मग टॉर्च काढून म्हणाला, "बाई, याचं वय माझ्याएवढं.
मी निदान रविवारी सुट्टी घेतो."
आणि स्वतःच्याच पोटावर पाय देत:
"नवा घ्या. हप्त्यावर मिळतो."

त्सिउरीने त्याला कॉफी दिली.
कॉफी संपेपर्यंत कोणी बोललं नाही.
मग त्याने न विचारताच पिशवी उघडली.

रिले कुणाच्या तरी बाल्कनीतल्या मेलेल्या फ्रिजचा.
दाराचं रबर बाजारातलं, भलत्याच मापाचं,
कोपऱ्यात कापून सायकलच्या सोल्यूशनने जोडलेलं.
तरी दार लागेना,
म्हणून हँडलपासून बाजूच्या हुकापर्यंत
तिच्या नवऱ्याचा पट्टा. तिसरं भोक.
नवऱ्याला पाचवं लागायचं, शेवटी शेवटी.

पैसे नव्हते असं नाही, हे सांगायला हवं.
खातुना, तिची मुलगी, इटलीत बारीला असते.
कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते,
कुणाच्या तरी आईच्या गोळ्या वारांप्रमाणे लावते.
तिने सहाशे युरो पाठवले, फ्रिजसाठीच,
वर निरोप: पांढरा नको, राखाडी घे.

ते सहाशे मक्याच्या पिठाच्या डब्यात आहेत.
"तिच्या परतीच्या तिकिटाला," त्सिउरी म्हणते,
"आणि आल्यावर पहिला महिना
तिला कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून."

मी वाद घातला. खूप घातला.
विजेचं बिल बघ, म्हटलं. ओतियाच्या खेपा मोज.
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
पहाटे तीनला कधी फरशी पुसलेली नसते.
माझा जुना फ्रिज लिफ्टमध्ये मावला नाही,
नाणं गिळून लिफ्ट तशीच उभी राहिली,
मग जिन्यावरून आदळत आपटत नेला खाली
आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती म्हणाली, "तुझा मुलगा खालच्या गल्लीत राहतो."

यावर काय बोलणार.

तर खातुनाला फ्रिज बघायचा होता, फोनवर, रविवारी.
त्सिउरी माझ्याकडे आली ओठांना रंग लावून,
सोबत तिचं चीज, तिची आंबट आलुबुखाराची चटणी, तीन अंडी.
माझं सामान आम्ही खालच्या कप्प्यात कोंबलं,
दारावरचं माझ्या नातवाचं चित्र काढलं.
मी फोन धरला. ती उभी राहिली
माझ्या राखाडी फ्रिजशेजारी
नव्या जावयाशेजारी उभं राहावं तशी,
कौतुकाने, पण हातभर अंतर राखून.

"छान आहे," खातुना म्हणाली. "आवाज करतो का?"
"छे. अजिबात नाही."
आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे
तो खोकला, शहारला,
त्याच्या डोक्यावरच्या बरण्या किणकिणल्या,
आणि लागला घरघरायला.

तिकडे बारीत कुणी म्हातारी हाक मारत होती.
खातुना उठली नाही.
मला वाटलं फोन अडकला,
पण वरचे सेकंद पुढे जात होते
आणि तिच्या पापण्या हलत होत्या.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
"बरं झालं घेतलास ते.
बर्फ होतो ना त्यात?"

"होतो की," त्सिउरी म्हणाली.
"वेळ लागतो. पण होतो."

अंडी माझ्याकडेच राहिली.
मंगळवारी नेऊन दिली तेव्हा
हुकात चौथं भोक होतं.
रबर बसलं असावं.