कुशीत लागलं

वाघोटणचा उतार संपता संपता
चिऱ्यांच्या ट्रकमधून निसटलेला अर्धा चिरा
वळणावर बसून होता, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा.
मी चुकवला. म्हणजे पुढच्या चाकाने चुकवला.
मागच्या डाव्याने त्याची कोर घेतली
आणि गाडी एका पायाने लंगडू लागली.

डिकीत पिग्मीची बॅग, पावत्यांचं मशीन, छत्री,
त्याखाली स्टेपनी.
एक एसटी हळू झाली,
कंडक्टरने मान बाहेर काढली, "जमता मा?"
"जमता," म्हटलं,
आणि नट हलेना म्हणून साडी खोचून
पान्यावरच उभी राहिले.
माझ्या वजनाचा पहिल्यांदाच कशाला तरी उपयोग झाला.

पडेल कॅन्टीनला अझीम सोलकरने
टायर पाण्यात बुडवलाच नाही.
बोट आत घातलं. बोट बाहेर दिसलं.
"छातीक लागला असता तर प्लग मारलं असतंय.
ह्या कुशीत लागला, बाये. कुशीक टाको नाय."
मग त्याने लंबगोलातले चार आकडे
अंगठ्याने पुसून वाचले: अकरा, सतरा.
सतरा सालातला अकरावा आठवडा.

टायरला जन्मतारीख असते
हे इतकी वर्षं त्याच्यावर बसून मला ठाऊक नव्हतं.
शिमग्याचे दिवस असणार.
आमच्याकडे पालख्या नाचत होत्या तेव्हा
कुठल्याशा कारखान्यात हा
साच्यातून गरम गरम बाहेर पडत होता.

"स्टेपनी तरी कोरी आहे," मी म्हटलं,
"रबराचे केससुद्धा गेले नाहीत."
त्याने नखाने बाजू दाबली.
मे महिन्यातल्या मळ्यासारख्या बारीक भेगा.
"तेरा सालचो. चलाक नाय म्हणून काय झाला,
वय जाताच."

भिंतीवर टांगलेले नवे. त्यांचा वास
कोऱ्या चपलांच्या दुकानासारखा.
एक स्वस्त, नाव वाचता येईना,
दोन वर्षं इथेच बसून प्रौढ झालेला.
एक रिमोल्ड, त्याच्यावर अझीमने स्वतःच हात ठेवून मान हलवली.
एक गेल्या दिवाळीनंतरचा, चौतीसशे.
मी मनात पिग्मीत मोडले:
रोजचे वीस म्हटले तर एकशे सत्तर दिवस.
अकरा वर्षं लोकांचे वीस-वीस गोळा करते,
आपले वीस मोजायला बसलं की
किती लांब जातात.

"एकच दे."
"एक लावलास तर गाडी तिरकी ओढतली. दोन घे.
आणि दोनव मागे."
"नवे मागे? पुढे नकोत?"
"पुढचो बिघाडलो तर हातात कळता.
मागचो सांगणा नाय. सोडता."

मला जैतापकरांचं दुकान आठवलं.
सहा वर्षं रोज पन्नास, दहाच्या आत,
नोट घडी घालून वजनाखाली ठेवलेली.
एका गुरुवारी फळ्या लावलेल्या,
आणि शेजारचा दाढी करता करता म्हणाला,
मुलगा घेऊन गेला, बोरिवलीला.
पासबुक अजून माझ्याकडेच आहे.

दोन दे, म्हटलं.

तो फाटका तिथेच टाकणार होते,
पण जनार्दन कुबल चहा पीत बसला होता.
"माका दी. होडयेक बांधतंय.
दर्याक काय, खयसून फाटलो ता दिसणा नाय."

शनिवारी विजयदुर्गच्या धक्क्यावर गेले
तर ओळखला मी त्याला, दोन दोरांनी टांगलेला,
कुशीतली फट वर करून.
लाट आली की होडी धक्क्याला टेकायला जाते
आणि हा मध्ये दबतो,
पुन्हा फुगतो.
अकरा सतरावर मीठ चढलं होतं.

जनार्दनने वीसची ओली नोट दिली.
मी मशीनवर वीस दाबले, पावती फाडली.
गाडीकडे येताना
उगाच वाकून मागची दोन्ही चाकं बघितली.
गप्प होती.