दोन पिकांमधला मंगळवार

दिवे बंद केले की पंख्यांची घरघर उरते,
मग तीही थांबते.
एकेचाळीस दिवसांनी गाळा नंबर सतरामध्ये
मी सोडून कुणी श्वास घेत नाहीये.

साकीनाक्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
खिडक्यांना आतून चंदेरी कागद.
टेम्पो, लेथ, शिव्या, वडे तळल्याचा वास,
खालचं सगळं वर येतं.
ऊन तेवढं येत नाही.

पीक गेलं. इटालियन तुळस, तीनशे वीस रोपं.
मुळं आधी तपकिरी,
मग चहात राहिलेल्या दोऱ्यासारखी;
ओढलं की साल हातात, आतली तार नळीत.
केकीशेट म्हणाले, पंप बिघडला.
मी म्हणाले, पाणी तापलं.
मग दोघंही गप्प.
बांद्र्याच्या हॉटेलला फोन मात्र त्यांनीच केला.

आज नुसतं धुणं.
काळ्या पिशव्यांत रोपं, कोकोपीट,
आणि पिवळे चिकट कागद,
चिलटांनी भरलेले, तिळाच्या वड्यांसारखे.
पिशवीला गाठ मारताना वास आला,
मेलेल्या तुळशीचा,
इतका चांगला, की मला लाज वाटली.

सव्वीस वर्षं इस्पितळात ऑपरेशनची खोली पुसली मी.
तिथलं इथे चालतं.
वरून खाली यायचं. आधी कोरडं, मग ओलं.
फडक्याची प्रत्येक घडी एकदाच.
ब्लीच आणि व्हिनेगर एका बादलीत कधीच नाही,
हे नव्या पोराला, युनूसला, तीनदा सांगितलं.
तो म्हणाला, मावशी, झाडांसाठी एवढं कोण करतं?
माणसांसाठीही एवढंच करायचो, म्हटलं.
टेबलावर कोण होतं, ते विचारायचो नाही.

नळीत बोट घातलं तर साय,
बुळबुळीत, नासल्या दुधाची असते तशी.
लांब ब्रश, पाणी, पुन्हा ब्रश.
पाणी आधी हिरवं आलं, मग खाकी,
मग जेवायला जायची वेळ झाली तरी खाकीच.
सांध्यांवरचा पांढरा क्षार
व्हिनेगरनं फसफसला आणि सुटला,
एक तेवढा सुटेना, तो नखानं काढला.
हातमोज्याचं बोट फाटलं.

जांभळ्या उजेडात भिंत काळीच दिसते.
युनूसनं आज साधी ट्यूब लावली
तर ती निघाली आकाशी.
आणि रॅक ओढल्यावर तिच्यावर, कमरेच्या उंचीला, पेन्सिलीनं
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
वर नाव, जसुमती. खाली ग्लोरिया. त्याखाली मंदोदरी,
तिच्या रेघा थेट कोपऱ्यापर्यंत गेलेल्या,
शेवटी लिहिलेलं, ३ ग्रोस बाकी.

इथे पूर्वी चेन बनायच्या, पँटच्या, पर्सच्या.
हे केकीशेट सगळ्यांना सांगतात.
कमरेच्या उंचीला म्हणजे बसून काम,
हे मला भिंतीनं सांगितलं.

यादीत लिहिलंय: भिंत छतापर्यंत, दोनदा.
पुसली. दोनदा.
ब्लीचनं बुरशी जाते, शेवाळ जातं, शाईसुद्धा जाते.
पेन्सिल जात नाही.
मंदोदरी ओली होऊन उलट जास्तच ठळक.

युनूस म्हणाला, तारेची घासणी आणू?
नको, म्हटलं. रेघांना कीड लागत नाही.

मग गॅलरीत उभे राहिलो, आतला वास जाईपर्यंत.
त्यानं कटिंग आणला. चहालाही ब्लीचचाच वास,
की माझ्या बोटांना, कोण जाणे.
त्याची आई कुर्ल्याला बटणं लावते म्हणाला,
डझनावर.
मी विचारलं, लिहून ठेवते का?
तो म्हणाला, कशाला, शेट लिहितो ना.

रॅक परत ढकलताना
मी तो चार बोटं पुढे ठेवला.
विचारलं तर सांगेन, हवा खेळायला.

संध्याकाळी पंप चालू करून पाहिला.
पाणी सगळ्या नळ्यांतून फिरलं,
कुणीच प्यायलं नाही,
तसंच टाकीत परत आलं.