खापर

शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठच्या पांढरीत,
सहा नंबरच्या खड्ड्यात दोन हात खाली
एक कान निघाला. रांजणाचा.
मॅडमनी भिंग लावलं: मातीत काळे कण.
म्हणाल्या, ही माती रोमवाल्यांची,
आगीच्या डोंगराच्या पायथ्याची.
दारू भरून जहाजाने भडोचला,
तिथून बैलाच्या पाठीवर इथे.

ठगाबाई खापरं धुते, नातवाच्या जुन्या टूथब्रशने.
तिने कान उन्हात फिरवला.
"काळं ते मन्हा वावरमाबी शे. तेबी आगनंच ना?"
मॅडम थांबल्या. हो म्हणाल्या.

मी चित्रं काढतो, रोजावर.
अर्धं भांडं पोट चिरलेलं,
अर्धं बाहेरून, जसं कुणी पाहिलं असेल
विकत घेताना, टिचकी मारून.

दुपारी निंबाखाली डबे उघडतात.
कळण्याची भाकर, ठेचा, आणि रोम.
तिथले धोबी म्हणे मुतात कपडे तुडवत,
गल्लीच्या तोंडाशी माठ ठेवत येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.
राजाने त्यावरही कर बसवला.
"येडा व्हतात का त्या लोके?"
ठगाबाईचा घास हातातच.
"डाग निंघेत का पन?"
निघत.
"मंग ठीक."

मातीचं डुक्कर, पोटात खडा, तान्ह्याचा खुळखुळा.
ओल्या विटेवरून गेलेला कुत्रा, चार पावलं.
तो मला रात्री आठवला.
कुणीतरी शिवी देऊन हाकललं असेल त्याला;
शिवी विरली, पाऊल भाजून निघालं.

त्यांच्या शहरात फुटक्या तेलबुधल्यांची
आख्खी टेकडी आहे, वर गवत.
आमच्याकडे खापर चुलीवर उपडं असतं,
त्यावर कोपरापर्यंत पसरलेली पुरणपोळी.
खापर फुटतं ते कुणाच्या तरी डोक्यावर.
आणि पणज्याचा बाप, तोही खापर;
इतक्या मागे गेलं
की माणूससुद्धा तुकड्यावरूनच ओळखायचा.

मग मॅडमनी शिशाच्या पत्र्याची गोष्ट सांगितली.
न्हाणीघरातून कुणाचे कपडे गेले
तर खिळ्याने लिहायचं देवीला:
नेणारा बाई असो, बाप्या असो,
गुलाम असो, मोकळा असो,
वस्तू परत येईतो त्याला झोप नको.
पत्रा गुंडाळून झऱ्यात.

ठगाबाईने डबा झाकला.
गेल्या आखाजीला घाटावरून तिचा हंडा गेला.
तांब्याचा. काठावर आईचं नाव.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली,
हातात गोळ्यांची रिकामी चंदेरी पट्टी, बीपीची.
"लिखी दे."
मी खिळा घेतला. बाई असो, बाप्या असो,
झोप नको—
"थांब." ती नदीकडे बघत होती.
"नींद लागू दे त्याले. माले ठावकं शे कोन ते.
त्याची माय मन्ही सोयरी."
मग बराच वेळ काही नाही.
"पानी पेतांना मात्र
मन्हा हंडा याद येवो."
तेवढंच लिहिलं. अक्षरं गोळ्यांच्या खड्ड्यांत अडखळली.

तापी उन्हाळ्याची, घोट्याएवढी.
पट्टी बुडेना. चमकत फिरून
पुन्हा तिच्याच पायाशी.
तिने धुतलेल्या ढिगातलं एक साधं खापर घेतलं,
इथलंच, लाल, नंबर न पडलेलं,
पट्टी त्याला पदराच्या दशीने बांधली
आणि खोल डोह बघून सोडली.

दुसऱ्या दिवशी मोजणीत एक कमी आलं.
मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं.
ठगाबाई ब्रश घासत होती, मान खाली.
माझ्याकडून चुकलं, मी म्हणालो.
आणि खापर
माझ्या डोक्यावर फुटलं.