मागणारं झाड

सीडरबर्गच्या डोंगरात, डांबरी रस्ता जिथं दम सोडतो
आणि पुढं नुसती लाल खडी,
तिथल्या एका मिशनच्या गावात
सार्लीना फोर्टेनच्या अंगणात एक खड्डा आहे.
गुडघाभर. दोन आठवडे झाले, रिकामाच.

शेजारचा याफ्ता रोज कुंपणावर कोपरं टेकून विचारतो,
"मग? ठरलं का?"
तो कांकरबोसच्या बाजूचा.
नावातच कॅन्सर घेऊन जन्मलेलं झुडूप,
पण याफ्ता त्याचं कौतुक लेकीच्या लग्नात करावं तसं करतो:
"पाण्याचं नाव काढत नाही. वाळूत येतं, खडकात येतं,
लाल फुलं, मग शेंगा फुगतात
पोरांच्या खुळखुळ्यासारख्या.
पानांचा काढा घे, पोटाला, तापाला,
झोप नसेल तर झोपेला.
माझ्या आजीनं त्यावर नव्वदी गाठली."
आजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली.
चर्चची वही वीस वर्षं सार्लीनानंच लिहिली आहे.
ती बोलत नाही.

आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, रंगाच्या जुन्या डब्यात,
लिंबाचं रोप.
मुलीनं केपटाऊनहून पाठवलेल्या पैशांतून, क्लॅनविल्यमच्या नर्सरीतलं.
अकरा पानं. त्यातलं एक पिवळं.
लिंबाला सगळं लागतं.
पाटाचं पाणी गुरुवारी पाऊण तास, त्यातलं निम्मं त्याला,
शिवाय अंघोळीची बादली,
बुंध्याशी शेळीच्या लेंड्या,
जूनच्या हिवात अंगावर गोणपाट,
मुंग्या, मावा, पान चिमटून आत झोपणारी अळी,
आणि एवढं करून हात लावावा तर काटे.
चार वर्षं फळ नाही.
सार्लीना एकाहत्तर.

हिशेब कुणीही करील.
झुडूप तीन-चार वर्षं जगतं. तेवढं तर तिलाही पुरेल.
लिंब पन्नास वर्षं. ते कुणासाठी?

डाविदनं शेवटचं वर्ष तोच काढा घेतला.
इतका कडू, की किटली उकळली की मांजर उठून जाई.
"कसं वाटतंय?"
"बरं आहे."
"काही हवंय?"
"काही नको."
तसा तो आयुष्यभर असाच.
जोड्यांच्या कारखान्यात तळ शिवून घरी यायचा,
आज काय शिजवू? काहीही चालेल.
उशी बदलू? आहे ती ठीक आहे.
दुखणंसुद्धा त्यानं सात महिने खिशात ठेवलं
उसनं घेतलेल्या पैशासारखं, कुणाला न दाखवता.
शेवटच्या रात्री तिनं पाण्याचा पेला पुढं केला
तर म्हणाला, तूच पी.

चांगला माणूस होता. गाव म्हणतं. तीही म्हणते.
पण ज्याला काहीच लागत नाही
त्याच्यापाशी उभं राहायला
रोज निमित्त तरी कुठून आणायचं?

गुरुवारी पाणी सुटलं आणि तिनं डबा कापला.
मुळं गोल फिरून फिरून डब्याच्याच आकाराची झाली होती,
ती बोटांनी मोकळी केली, वेणी सोडवावी तशी.
याफ्ता कुंपणावर. "म्हणजे पाणी गेलं म्हण."
"मला मागणारं झाड हवंय."
"काय? वागणारं?"
"हो," ती म्हणाली, "वागणारं."
त्याला ऐकू कमी येतं, आणि तिला पुन्हा सांगायचं नव्हतं.

नोव्हेंबरात लिंबाला तेरा पानं.
आणि बुंध्यापासून वीतभर अंतरावर, न लावता,
राखाडी लव असलेली इवली डहाळी.
तिनं लगेच ओळखली.
त्या कोपऱ्यात डाविद किटलीतला चोथा टाकायचा,
कधी त्यात शेंगाही असायच्या.
उपटायला वाकली. दोन बोटांत देठ धरला.
"तुला कुणी बोलावलं होतं?"
कंबर तशी फार वेळ वाकत नाही आताशा.
तशीच राहिली, बराच वेळ.

मग बादलीच्या तळाशी उरलेलं, पेलाभर असेल,
त्या डहाळीवर ओतलं.
"गप पी," म्हणाली.